थुंकीच्या रिपोर्टमध्ये जंतूही आणि बुरशीही: उपचार कुठून सुरू करायचे?

राजापूरजवळच्या एका गावातून एका ताईंनी वडिलांविषयी विचारलं आहे. बाबा 68 वर्षांचे. उमेदीची वर्षं परळच्या गिरणीत गेली. तिशीत असताना टीबी झाला, औषधांचा कोर्स पूर्ण केला आणि बरे झाले. गेली दोन-तीन वर्षं मात्र सतत खोकला, सकाळी हिरवट बेडका, कधीतरी त्यात रक्ताची रेघ. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुनी पोकळी आहे आणि तिच्या आसपासच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या आहेत, म्हणजे ब्राँकिएक्टॅसिस. थुंकीच्या कल्चरमध्ये तीन नावं आली: स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू, आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस व कॅन्डिडा अल्बिकन्स या दोन बुरशी. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचे सात-सात दिवसांचे कोर्स झाले. दर वेळी आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. एका डॉक्टरांनी मिश्र बायोफिल्म असल्याचं सांगितलं, दुसऱ्यांनी व्होरिकोनॅझोल हे बुरशीचं औषध सुरू करायला सांगितलं. बाबांना ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप (यातलं ब्युडेसोनाइड म्हणजे स्टेरॉइड), कोलेस्टेरॉलचं ॲटोर्वास्टॅटिन आणि पोटातल्या आम्लाचं पॅन्टोप्राझोल आधीपासून चालू आहे. ताई विचारतात, बायोफिल्म फोडणारं एखादं औषध आहे का, आणि बुरशीचं औषध घ्यावं की नको?

ताई, आधी थेट उत्तर देतो. बायोफिल्म एकट्याने विरघळवणारी गोळी आज नाही. बुरशीचं औषध केवळ या रिपोर्टवर सुरू करू नये, पण बुरशीचा विषय सोडूनही देऊ नये. दोन-तीन तपासण्यांनी तो निकाली काढता येतो. आणि यातलं सगळ्यात मोठं काम औषधाचं नाहीच. ते छातीतला कफ रोज, न चुकता बाहेर काढण्याचं आहे. मी बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या छातीविकारतज्ज्ञांशी बोलताना हाताशी ठेवा.

बायोफिल्म म्हणजे काय ते आधी पाहू, कारण औषध दहा दिवसांत का हरतं याचं उत्तर तिथेच आहे. पावसाळ्यात विहिरीच्या चिऱ्यांवर जो बुळबुळीत थर चढतो तो बायोफिल्मच. त्यावर कितीही पाणी ओता, तो हलत नाही. काथ्याने घासावा लागतो. फुफ्फुसात हे जंतू कफामध्ये पुंजके करून राहतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. त्यात अल्जिनेटसारखी शर्करा असते, प्रथिनं असतात आणि मेलेल्या पेशींमधून सांडलेला डीएनएही असतो. आत प्राणवायू कमी, अन्न कमी, म्हणून आतले जंतू जवळजवळ झोपल्यासारखे राहतात. बहुतेक अँटिबायोटिक वाढणाऱ्या जंतूवर मारा करतात. जो वाढतच नाही त्याचं ती फारसं बिघडवू शकत नाहीत. टोब्रामायसिनसारख्या अँटिबायोटिकवर धन विद्युतभार असतो आणि आवरणावर ऋण, त्यामुळे औषधाचा बराच भाग बाहेरच अडकतो. एरवी ज्या मात्रेत जंतू मरतो तिच्या शंभर ते हजार पट मात्रा बायोफिल्ममध्ये लागू शकते. शरीराला तेवढी सोसणार नाही.

रिपोर्टवर 'सेन्सिटिव्ह' लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, पण ती तपासणी मोकळ्या, सुट्या वाढणाऱ्या जंतूंवर केलेली असते. कोर्सने हे सुटे जंतू मरतात, सूज उतरते, बाबांना बरं वाटतं. पुंजक्यातले मात्र तसेच राहतात आणि थोड्या दिवसांत पुन्हा पसरतात. हे तुमच्या डॉक्टरांचं अपयश नाही आणि दर वेळी नवा जंतू आला असंही नाही.

जंतू आणि बुरशी एकत्र आले की प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. स्यूडोमोनास आणि ॲस्परजिलस शेजारी आहेत, पण मित्र नाहीत. स्यूडोमोनास लोह ओढून घेतो आणि विषारी रंगद्रव्यं सोडून बुरशीला दाबतो. ॲस्परजिलस ग्लायोटॉक्सिन सोडून उलट मारा करते. त्याच वेळी स्यूडोमोनासमधून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूवर ॲस्परजिलस वाढू शकते, हेही प्रयोगशाळेत दिसलं आहे. कॅन्डिडाची तऱ्हा वेगळी. तिच्या आवरणातलं ग्लुकन बुरशीनाशकाला धरून ठेवतं, आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा दुसरा एक जंतू तिच्या तंतूंना चिकटून बसला की व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकलाही तो सहज दाद देत नाही. यातून रुग्णाच्या कामाची गोष्ट एकच निघते: एकाला मारलं की दुसऱ्याला मोकळं रान मिळू शकतं. सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसात घट्ट कफ साठवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या रुग्णांना टोब्रामायसिनची वाफ, म्हणजे नेब्युलायझर यंत्रातून श्वासावाटे औषध, दीर्घकाळ दिली तेव्हा त्यांच्या थुंकीत ॲस्परजिलस जास्त वेळा सापडू लागली होती. म्हणून स्यूडोमोनासवर नेटाने उपचार सुरू केले की बुरशीवर डोळा ठेवावा लागतो. याचा अर्थ दोन्हींवर पहिल्याच दिवशी तोफ डागावी असा मात्र नाही.

आता रिपोर्टमधली तीन नावं एकेक करून पाहू. तिन्हींचं वजन सारखं नाही.

कॅन्डिडा बाजूला ठेवा. ती तोंडात असतेच. स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्या माणसात, अँटिबायोटिकनंतर, कवळी असेल तर अधिकच. थुंकी तोंडातून येते आणि येताना तिला घेऊन येते. कॅन्डिडामुळे खरा न्यूमोनिया होणं फार दुर्मीळ आहे, आणि अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतही थुंकीतल्या कॅन्डिडासाठी सहसा बुरशीनाशक लागत नाही असंच म्हटलं आहे. फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या गोळ्या यासाठी घेतल्या जाताना मी वारंवार पाहतो आणि मनापासून सांगतो, घेऊ नका. पंपानंतर खळखळून चूळ भरायची, जिभेवर पांढरा थर असेल तर दाखवायचा, इतकंच.

स्यूडोमोनासकडे दुर्लक्ष चालत नाही. ब्राँकिएक्टॅसिसमध्ये तो ठाण मांडून बसला की आजार वारंवार उफाळतो, हॉस्पिटलात भरती वाढते, फुफ्फुसाची ताकद लवकर ढळते. भारतातल्या ब्राँकिएक्टॅसिस रुग्णांच्या नोंदवहीचा मोठा अहवाल 2019 मध्ये आला. त्यात 2195 रुग्ण होते. एक तृतीयांशाहून अधिक जणांत मूळ कारण जुना टीबी होतं आणि थुंकीत सर्वाधिक सापडलेला जंतू स्यूडोमोनासच होता. म्हणजे तुमचे बाबा आपल्या देशातलं अगदी नेहमीचं चित्र आहेत.

ॲस्परजिलसचं उत्तर मात्र थुंकी एकटी देऊ शकत नाही. तिचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून आत घेतो. रुंदावलेल्या श्वासनलिकेत ती नुसती मुक्कामाला असू शकते. ती ॲलर्जी घडवत असू शकते, तेव्हा रक्तातलं एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) 500 च्या वर गेलेलं असतं, दम्यासारखी घरघर होते, कधी तपकिरी गुठळ्या पडतात. किंवा जुन्या टीबीच्या पोकळीत तिने हळूहळू पोखरायला घेतलेलं असू शकतं, ज्याला क्रॉनिक पल्मोनरी ॲस्परजिलोसिस म्हणतात. पोकळीत बुरशीचा गोळा झाला तर तो गोळा हीच मुळात एक मोठी बायोफिल्म असते. जुनी पोकळी आणि रक्ताची रेघ, या दोन गोष्टींमुळे बाबांच्या बाबतीत मला या शेवटच्या शक्यतेची काळजी आहे.

म्हणून तीन गोष्टी करून घ्या. ॲस्परजिलस आयजीजी, म्हणजे या बुरशीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं मोजणारी रक्ततपासणी. नमुना रत्नागिरीत किंवा कणकवलीत देता येतो आणि तो पुढे मोठ्या प्रयोगशाळेत जातो. एकूण आयजीई आणि ॲस्परजिलसचं विशिष्ट आयजीई. आणि जुना सीटी शोधून नव्याशी ताडून पाहणं. पोकळीची भिंत जाड होत चालली आहे का, आत गोळा आहे का, बाबांना पालथं झोपवल्यावर तो जागा बदलतो का, हे रेडिओलॉजिस्टना मुद्दाम विचारा. जुनी फिल्म घरात कुठेतरी गादीखाली असेल, ती सोन्यासारखी जपा. वजन उतरलं आहे का, तीन महिन्यांहून जास्त काळ लक्षणं आहेत का, हेही या निदानाचा भाग आहे.

थुंकीचा नमुना नीट हवा. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोलवरून खाकरून काढलेला, आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचलेला. गावातून एसटीने आणलेला नमुना दुपारच्या उकाड्यात चार-पाच तास राहिला तर कॅन्डिडा आणि इतर फालतू जंतू त्यात भरभरून वाढतात आणि खरा गुन्हेगार झाकला जातो. चांगल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाच्या लहान भिंगाखाली पू-पेशी 25 हून जास्त आणि तोंडातल्या पेशी 10 हून कमी असतात. रिपोर्टवर ही ओळ असते, बघा.

यात टीबी विसरायचा नाही, आणि इथे मला थोडं ठासून बोलायचं आहे. बाबांना सिप्रोफ्लॉक्सासिन वारंवार मिळालं. या कुळातली औषधं टीबीच्या जंतूलाही अर्धवट दाबतात. थोडं बरं वाटतं, निदान मागे पडतं, आणि औषधाला न जुमानणारा टीबी तयार व्हायची भीती राहते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, म्हणजे थुंकीत टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, करून घ्या, पण सोबत टीबीचं कल्चरही पाठवा. पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसात मेलेल्या जंतूंचा डीएनए राहिल्याने सीबीनॅट कधी खोटं पॉझिटिव्ह येतं. कल्चरमध्ये टीबीचे चुलत भाऊ, म्हणजे नॉनट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया, आहेत का तेही कळतं, आणि पुढे ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक द्यायचं ठरलं तर ते कळणं आवश्यकच आहे. उलट बाजूही सांगतो. ॲस्परजिलसची पोकळी एक्स-रेवर टीबीसारखीच दिसते, आणि केवळ त्या फोटोवर पुन्हा टीबीचा कोर्स सुरू झालेले अनेक जण आमच्याकडे येतात. थुंकीत टीबी सिद्ध झाल्याशिवाय दुसरा कोर्स सुरू करण्याची घाई नको.

आता मुख्य काम, कफ काढणं. आमच्या भागात फिजिओथेरपी म्हटलं की लोकांना गुडघा आणि कंबर आठवते. छातीची फिजिओथेरपी शिकवणारी व्यक्ती शोधा, एकदा समोर बसून शिका, मोबाइलवर व्हिडिओ काढून आणा आणि मग घरी रोज करा. पद्धत साधी आहे. सुरुवातीला शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद आत धरून. पुन्हा शांत श्वास. मग तोंड उघडं ठेवून घशातून 'हा' असा आवाज करत हवा बाहेर ढकलायची, एक-दोनदा. कफ वर आला की मगच खोकायचं. सकाळ-संध्याकाळ 15 ते 20 मिनिटं. जोरजोराने खोकत राहिल्याने श्वासनलिका मिटतात आणि कफ आतच राहतो, शिवाय माणूस थकून जातो. बाबांचा आजार फुफ्फुसाच्या वरच्या भागात आहे, त्यामुळे डोकं खाली करून झोपवायची गरज नाही. ताठ बसून किंवा किंचित पुढे झुकून तो भाग रिकामा होतो. डोकं खाली केलं की पोटातलं आम्ल वर येतं आणि त्रास वाढतो. फुंकल्यावर थरथरणारी छोटी उपकरणं मिळतात, त्यांचाही उपयोग होतो. थुंकीत रक्त जास्त दिसेल त्या दिवशी मात्र हे थांबवून डॉक्टरांना विचारा.

नेब्युलायझरच्या वाफाऱ्याचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक घरांत उलटा होतो. आधी श्वासनलिका उघडणारं औषध, मग हायपरटॉनिक सलाइन, म्हणजे जास्त तीव्र मिठाचं निर्जंतुक पाणी, मग वरचा व्यायाम करून कफ काढणं, आणि सगळ्यात शेवटी वाफेतून अँटिबायोटिक व स्टेरॉइडचा पंप. कफाने भरलेल्या नळीत अँटिबायोटिकची वाफ सोडली तर ती कफावर बसते आणि खोकल्याबरोबर बाहेर पडते. सलाइनचा पहिला डोस दवाखान्यात घ्या, काहींची छाती त्याने आवळते. सलाइनबद्दल एक खरी गोष्ट सांगायला हवी: 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत सलाइन किंवा कार्बोसिस्टीन (कफ पातळ करणारं औषध) यांनी वर्षभरात आजार उफाळण्याचं प्रमाण लक्षणीय कमी झालेलं दिसलं नाही. तरीही ज्याचा कफ चिकट आहे आणि सुटत नाही, त्याला सलाइनने तो सुटत असेल तर मी देतो. महिनाभरात फरक पडला नाही तर थांबवतो.

'बायोफिल्म फोडणारं औषध' या आशेने अनेक गोष्टी विकल्या जातात. एनॲसिटाइलसिस्टीन कफाचे बंध तोडतं आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बायोफिल्मही सैल करतं. एका चिनी चाचणीत रोज दोनदा 600 मिलिग्रॅम वर्षभर देऊन फायदा दिसला. घेऊन पाहायला हरकत नाही, पण तो चमत्कार नाही. सेरॅशिओपेप्टिडेजच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. आणि डॉर्नेज अल्फापासून दूर राहा. आवरणात डीएनए आहे, हे औषध डीएनए कापतं, मग चालायला हवं, हा तर्क सरळ वाटतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ते चालतंही. पण बाबांसारख्या रुग्णांवर 1998 मध्ये झालेल्या चाचणीत आजार जास्त वेळा उफाळला आणि फुफ्फुसाची क्षमता घटली. बशीत जे घडतं ते छातीत घडेलच असं नाही, हे या विषयात फार वेळा दिसलं आहे.

स्यूडोमोनाससाठी सात दिवसांचे तुकडे तोकडे पडतात. ब्राँकिएक्टॅसिस उफाळलं की साधारण 14 दिवस पूर्ण मात्रेत औषध लागतं, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनला जंतू दाद देत नसेल तर शिरेतून. वर्षात तीन किंवा अधिक वेळा उफाळत असेल तर वाफेतून कोलिस्टिन किंवा टोब्रामायसिन दीर्घकाळ देण्याचा विचार करतात. वाफेतून औषध कफामध्ये जितकं पोचतं तितकं शिरेतून पोचत नाही, आणि मूत्रपिंडावरचा ताणही कमी राहतो. दुसरा पर्याय ॲझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा, सहा महिने ते वर्षभर. ते स्यूडोमोनासला थेट मारत नाही, पण जंतूंचं आपसातलं संदेशवहन आणि सूज दोन्ही कमी करतं. त्याआधी ईसीजी, ऐकण्याची चौकशी आणि वर सांगितलेलं मायकोबॅक्टेरियाचं कल्चर हवं.

आयजीजी वाढलेलं निघालं आणि सीटीही तसाच बोलला, तर बुरशीचं औषध द्यायलाच हवं. सुरुवात सहसा इट्राकोनॅझोलने होते, 200 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. किती दिवस? चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेने केलेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी 38 टक्के जणांना दोन वर्षांत आजार उलटला. बारा महिने घेतलेल्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. म्हणजे वर्षभराची तयारी ठेवूनच सुरुवात करायची.

आणि इथे बाबांच्या चालू औषधांची यादी आडवी येते. पॅन्टोप्राझोलने पोटातलं आम्ल कमी होतं, मग इट्राकोनॅझोलची कॅप्सूल नीट शोषली जात नाही; पॅन्टोप्राझोल खरंच लागतं का ते विचारा, आणि कॅप्सूल जेवणानंतरच घ्या. ॲटोर्वास्टॅटिन रक्तात साचून स्नायूंना इजा करू शकतं. ते बदलावं लागेल. सगळ्यात लपून राहणारं भांडण पंपातल्या ब्युडेसोनाइडशी आहे. इट्राकोनॅझोलमुळे ते शरीरात साठतं आणि महिन्या-दोन महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, आणि पंप अचानक बंद केला तर माणूस ढासळतो. पंपातलं स्टेरॉइड बदलता येतं, म्हणून हे आधीच ठरवा. हृदय कमजोर असेल, पायावर सूज असेल तर इट्राकोनॅझोल नको. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू असेल तर इट्राकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल दोन्ही रक्तात जवळपास उरतच नाहीत. व्होरिकोनॅझोलने डोळ्यांपुढे उजेडाचे झोत दिसणं, उन्हाने कातडी भाजणं, यकृत बिघडणं होतं. त्याची रक्तातली पातळी मोजणं शक्य असेल तर मोजावीच, आणि यकृताची तपासणी दोन्ही औषधांत ठरावीक काळाने हवी.

आपल्या भागाशी जोडलेला एक मुद्दा. आंब्याच्या मोहोरावर भुरी येऊ नये म्हणून हेक्झाकोनॅझोल फवारतात. ते आणि इट्राकोनॅझोल एकाच कुळातली रसायनं आहेत. शेतातल्या अशा वापरातून औषधाला न जुमानणारी ॲस्परजिलस तयार होते हे नेदरलँड्समध्ये प्रथम लक्षात आलं, आणि भारतातल्या मातीतही तशी बुरशी सापडली आहे. बागायतदारांना दोष देण्याचा प्रश्नच नाही, त्यांचं वर्षाचं पोट त्यावर आहे. पण औषधाची रक्तातली पातळी चांगली असूनही बाबांना उतार पडला नाही, तर बुरशीची औषध-संवेदनशीलता तपासायला सांगा. फवारणी, शेणखत उलथणं, पेंढ्याची उडवी हलवणं, वाळलेला पातेरा झाडणं, भाजावळीच्या धुरात उभं राहणं, ही कामं बाबांनी करू नयेत. पावसात भिंतीला ओल येऊन काळी बुरशी धरते त्या खोलीत त्यांचं अंथरूण नको.

नेब्युलायझर स्वच्छ ठेवणं औषधाइतकंच महत्त्वाचं. स्यूडोमोनास ओलीवर जगतो. कप आणि मास्क दर वेळी साबणाने धुवा, कंपनीने चालेल असं लिहिलं असेल तर रोज एकदा पाच मिनिटं उकळा, झटकून स्वच्छ कापडावर उघडे सुकवा. जुलैत काहीच सुकत नाही, म्हणून दोन संच ठेवून आलटून-पालटून वापरा. ओला संच पिशवीत बांधून ठेवू नका. औषध पातळ करायला विहिरीचं किंवा नळाचं पाणी कधीही वापरू नका, निर्जंतुक सलाइनच.

शेवटी रक्ताचं. रेघ दिसली तर दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. अर्धा कप किंवा त्याहून जास्त ताजं रक्त पडलं तर ती आणीबाणी आहे. बाबांना उजव्या कुशीवर झोपवा, म्हणजे आजारी बाजू खाली राहील आणि रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरणार नाही. 108 ला फोन करा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. रक्त थांबवण्यासाठी धमनीत नळी घालून ती बंद करण्याची सोय सहसा कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईत मिळते. कोल्हापूरकडे जाणारा अणुस्कुरा घाट पावसात दरड येऊन बंद पडतो, तेव्हा कुठल्या रस्त्याने कुठे न्यायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, सीटीची सीडी आणि रक्तगट एका पिशवीत ठेवा. बाबा हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेत असतील, तर रक्त दिसल्यावर पुढचा डोस घ्यायचा की नाही हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्या.